'ला' दिसला की 'टू' लावण्याची खोड: इंग्रजीतील प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कर्म

गणेश चवथीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की माझ्याकडे तपासायला येणाऱ्या वह्यांत त्याच तीन चुका दरवर्षी नव्या अक्षरात भेटतात: 'आय मेट टू माय फ्रेंड', 'ही टोल्ड टू हर अ स्टोरी' आणि 'द टीचर एक्सप्लेन्ड अस द सम'. पहिल्या दोन वाक्यांत 'टू' नको तेथे येऊन बसला आहे आणि तिसऱ्यात हवा होता तेथून तो गायब झाला आहे. लाल शाईने दुरुस्त केल्यावर ही वाक्ये महिनाभर सुधारतात आणि निबंध लिहिण्याची वेळ आली की पूर्ववत होतात. अशी परत परत उगवणारी चूक निष्काळजीपणाची नसते. तिच्याखाली काही नियम असतो, तो मुलाने मनापासून पाळलेला असतो, आणि दोष त्या नियमातच असतो.

डिचोली तालुक्यातील एका गावात मी इंग्रजी शिकवतो. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले घरी कोकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठी प्राथमिक शाळेत शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जातात. कर्म म्हणजे काय हे त्यांना मराठीच्या तासाला समजलेले असते, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कर्माच्या व्याख्याही पाठ असतात. वहीच्या मागच्या पानावर सहसा एक सूत्रही लिहिलेले आढळते: क्रियापदाला 'काय?' असे विचारले की प्रत्यक्ष कर्म मिळते आणि 'कोणाला?' असे विचारले की अप्रत्यक्ष कर्म मिळते. माझ्या मते सगळा घोटाळा या सूत्रात आहे.

'आई बाळाला दूध देते' या वाक्यावर ते सूत्र चोख चालते. काय देते? दूध. कोणाला देते? बाळाला. पण 'आईने बाळाला उचलले' हे वाक्य घेऊन पाहा. 'काय उचलले?' असे आपण बाळाविषयी विचारत नाही, 'कोणाला उचलले?' असेच विचारतो, उत्तर 'बाळाला' असे येते आणि सूत्राप्रमाणे बाळ अप्रत्यक्ष कर्म ठरते. प्रत्यक्षात उचलण्याची क्रिया थेट बाळावरच घडली आहे. तेथे दुसरे कर्मच नाही, मग हे अप्रत्यक्ष कसे? 'कोणाला' हा प्रश्न कर्माचा प्रकार ओळखत नाही. कर्म सजीव आहे की निर्जीव, एवढेच तो सांगतो.

याचे कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. मराठीत निर्जीव वस्तू कर्म असली तर तिला बहुधा प्रत्यय लागत नाही, परंतु माणूस कर्म असला की 'ला' लागतो. 'मी मानकुराद आंबे आणले' असे म्हणतो आणि 'मी मावशीला आणले' असे म्हणतो. दोन्ही ठिकाणी आणण्याची क्रिया तीच आणि कर्मही प्रत्यक्षच. विभक्तीचा तक्ता घोकलेल्या कोणालाही आठवेल की द्वितीयेच्या ओळीत स, ला, ते असतात आणि चतुर्थीच्या ओळीतही स, ला, ते असतात. लहानपणी आम्हाला ती पाठांतरातली सवलत वाटे, कारण एका ओळीचे श्रम वाचत. द्वितीया ही मुख्यतः कर्माची आणि चतुर्थी ही ज्याला काही द्यायचे त्याची, म्हणजे संप्रदानाची. पण प्रत्यय एकच असल्यामुळे वाक्याकडे नुसते पाहून दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत. कोकणीतही तेच होते. 'ताका पळयलो' (त्याला पाहिले) यातला 'ताका' आणि 'ताका आंबो दिलो' यातला 'ताका' रूपाने सारखेच आहेत. त्यावर 'म्हाका भूक लागल्या' आहेच, ज्यात कोणी कोणाला काही देत नाही. त्यामुळे घरच्या भाषेतून शाळेच्या भाषेत आलेल्या मुलाला हा भेद कानाने कधीच ऐकू आलेला नसतो.

आमच्या शेजारी पोर्तुगीज अमदानीत शाळा शिकलेले एक आजोबा होते. त्यांना ही अडचण सांगितली तेव्हा ते हसले होते, कारण पोर्तुगीजमध्ये 'त्याला पाहिले' यातल्या 'त्याला'साठी 'ओ' आणि 'त्याला दिले' यातल्या 'त्याला'साठी 'ल्य' अशी दोन निरनिराळी सर्वनामे वापरावी लागतात. तेथे चूक झाली तर ती लगेच उघडी पडते. इंग्रजीत 'हिम' दोन्हीकडे 'हिम'च राहतो आणि चूक झाकली जाते. खरे तर सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही दोन रूपे होती. तेव्हा 'हिम' हे चतुर्थीचे रूप होते, द्वितीयेसाठी 'हिने' असे वेगळे रूप होते. पुढे प्रत्यय झिजले, 'हिने' मागे पडले आणि 'हिम' दोन्ही कामे करू लागला. नामांचे प्रत्यय तर जवळजवळ सगळेच गेले. मग देणे कोणाचे आणि घेणे कोणाचे हे सांगायचे कसे? ते काम वाक्यातल्या जागेने आणि 'टू', 'फॉर' यांसारख्या प्रिपोझिशनांनी उचलले. म्हणून मराठीत जी खूण शब्दाच्या शेवटी शोधायची, ती इंग्रजीत शब्दाच्या जागेत शोधावी लागते. 'ला'चे भाषांतर 'टू' असे करणाऱ्या मुलाने ही खूण चुकीच्या जागी शोधलेली असते.

आता निदानाची पद्धत सांगतो. मी मुलांना मराठीत प्रश्न विचारू देत नाही, मोजायला लावतो. इंग्रजी वाक्यातल्या क्रियापदानंतर प्रिपोझिशनशिवाय उभी असलेली नामे किंवा सर्वनामे किती, ते मोजायचे. एकच असेल तर ते प्रत्यक्ष कर्म, मग ते माणूस असो वा वस्तू. 'शी मेट हिम', 'शी लिफ्टेड द बेबी', 'वी हेल्प्ड अवर नेबर' या सर्व वाक्यांत मराठीत 'ला' येतो, तरीही कर्म प्रत्यक्षच आहे आणि म्हणून 'टू'ला जागा नाही. दोन असतील आणि ती दोन वेगवेगळी असतील, तर पहिले अप्रत्यक्ष आणि दुसरे प्रत्यक्ष. 'शी गेव्ह हर नेफ्यू अ मँगो' यात भाचा आधी, आंबा नंतर. अप्रत्यक्ष कर्म इंग्रजीत सहसा एकटे प्रवास करत नाही. देण्याघेण्याची वस्तू वाक्यात नसेल, तर अप्रत्यक्ष कर्माचा संशय घेण्याचे कारणही सहसा नसते.

या मोजणीत तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली काळाच्या शब्दांची. 'आय मेट हर लास्ट फ्रायडे' यात क्रियापदानंतर प्रिपोझिशनविना दोन नामे दिसतात आणि हुशार मुलगा लगेच 'हर' अप्रत्यक्ष, 'लास्ट फ्रायडे' प्रत्यक्ष असे लिहून मोकळा होतो. शुक्रवार हा म्हापशाच्या बाजाराचा दिवस आहे, कोणी भेटायची वस्तू नव्हे. 'केव्हा' आणि 'किती वेळ' यांची उत्तरे देणारे शब्द मोजणीतून आधी वगळावे लागतात.

दुसरी फसगत अधिक खोल आहे. 'द व्हिलेजर्स इलेक्टेड हर सरपंच' या वाक्यात 'हर' आणि 'सरपंच' अशी दोन नामे क्रियापदानंतर ओळीने उभी आहेत, पण गावाने तिला सरपंच नावाची एखादी वस्तू दिलेली नाही. ती आणि सरपंच या एकच व्यक्ती आहेत. अशा वेळी 'हर' हे प्रत्यक्ष कर्म आणि 'सरपंच' हे कर्मपूरक ठरते. पडताळा सोपा आहे: दोन नामांच्या मध्ये मनातल्या मनात 'आहे' घालून पाहावे. 'ती सरपंच आहे' जुळते, म्हणून पूरक. 'भाचा आंबा आहे' जुळत नाही, म्हणून दोन कर्मे. 'मेक' या क्रियापदाबरोबर हा पडताळा फार उपयोगी पडतो. 'दे मेड हिम कॅप्टन' म्हणजे त्यांनी त्याला कप्तान केले आणि 'दे मेड हिम टी' म्हणजे त्याच्यासाठी चहा केला. सांगाडा तोच, नाते निराळे. 'शी कॉल्ड हिम अ टॅक्सी' हे वाक्य तर दोन्हीकडे जाते, कारण तिने त्याच्यासाठी टॅक्सी बोलावली असेल किंवा त्यालाच टॅक्सी म्हटले असेल. वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिले की मुलांना आवरणे कठीण जाते, पण पूरक आणि कर्म यांतला फरक मात्र त्यानंतर विसरला जात नाही.

तिसरी फसगत प्रत्यक्ष कर्म लांबलचक असले की होते. 'शी टोल्ड हिम दॅट द लास्ट बस हॅड लेफ्ट' यात सांगितलेली गोष्ट कोणती, तर शेवटची बस निघून गेली ही. 'दॅट'पासून शेवटपर्यंतचे सगळे उपवाक्य मिळून एकच प्रत्यक्ष कर्म होते आणि 'हिम' अप्रत्यक्ष राहतो. मुले एकेरी नाम शोधत असतात, ते सापडत नाही, म्हणून 'हिम'लाच प्रत्यक्ष ठरवून पुढे जातात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. 'शी टीचेस अस' किंवा 'आय विल पे हिम' अशा वाक्यांत एकच नाम दिसते, तरी शिकवलेला विषय किंवा दिलेले पैसे न बोलता गृहीत धरलेले असतात, आणि अशा 'अस' किंवा 'हिम'ला काय म्हणावे याबाबत व्याकरणकारांत एकमत नाही. तसेच 'शी गेव्ह अ मँगो टू हर नेफ्यू' यातल्या भाच्याला काही पुस्तके अप्रत्यक्ष कर्म म्हणतात, तर काही त्याला केवळ प्रिपोझिशनचे कर्म मानतात. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकाची परिभाषा पाळावी. वाक्य बरोबर लिहिता येणे हे नावापेक्षा महत्त्वाचे आहे, असे मी तरी मानतो, आणि नावावरून वाद घालणाऱ्या पालकांनाही तेच सांगतो.

निदान झाले, आता उपचार. वर दिलेल्या दोन मांडण्या, म्हणजे 'गेव्ह हर नेफ्यू अ मँगो' आणि 'गेव्ह अ मँगो टू हर नेफ्यू', दोन्ही शुद्ध आहेत. घेणारा आधी आला तर 'टू' नको. वस्तू आधी आली तर 'टू' हवाच. 'ही टोल्ड टू हर अ स्टोरी' या वाक्यात मुलाने दोन्ही मांडण्या एकत्र कालवल्या आहेत: घेणाऱ्याची जागा पहिल्या मांडणीतली आणि 'टू' दुसरीतला. चूक अशी उलगडून दाखवली की मूल ती स्वतः सुधारते. 'येथे टू येत नाही' एवढेच सांगितले तर सुधारत नाही, कारण पुढच्याच ओळीत 'टू' आलेला त्याला दिसतो.

परंतु सर्वच क्रियापदे दोन्ही मांडण्या चालवून घेत नाहीत, आणि 'एक्सप्लेन्ड अस द सम' ही चूक येथून येते. 'गिव्ह', 'सेन्ड', 'शो', 'लेन्ड', 'ऑफर', 'टेल' ही क्रियापदे दोन्हीकडे चालतात आणि मांडणी बदलली की 'टू' घेतात. 'बाय', 'मेक', 'कुक', 'फाइंड' हीही दोन्हीकडे चालतात, पण मांडणी बदलली की 'फॉर' घेतात: 'शी बॉट हर सन अ सायकल', किंवा 'शी बॉट अ सायकल फॉर हर सन'. कारण उघड आहे. देताना वस्तू हातातून हातात जाते, म्हणून 'टू'. विकत घेताना किंवा रांधताना ती अजून कोणाकडे गेलेली नसते, कोणासाठी तरी योजलेली असते, म्हणून 'फॉर'. मराठीत 'मुलासाठी सायकल घेतली' आणि 'मुलाला सायकल घेतली' असे दोन्ही म्हणतात, त्यामुळे 'बॉट टू' असे लिहिले जाते. तिसरा गट हट्टी आहे. 'एक्सप्लेन', 'से', 'सजेस्ट', 'डिस्क्राइब', 'अनाउन्स', 'इंट्रोड्यूस' ही क्रियापदे घेणाऱ्याला आपल्याजवळ बसू देत नाहीत. वस्तू आधी आणि 'टू' लावून माणूस नंतर, हीच एक मांडणी त्यांना चालते. 'द टीचर एक्सप्लेन्ड द सम टू अस' हे शुद्ध, 'एक्सप्लेन्ड अस द सम' हे अशुद्ध. या गटात लॅटिनकडून, पुष्कळदा फ्रेंचमार्गे, आलेली क्रियापदे बरीच आहेत आणि पहिल्या गटात मूळची इंग्रजी अधिक आहेत. पण 'से' इंग्रजीच आहे आणि 'ऑफर' लॅटिनमधून आलेले असूनही पहिल्या गटात बसते, त्यामुळे हे सूत्र म्हणून पाठ करून घेऊ नये.

मी त्याऐवजी क्रियापदांची एक वही ठेवायला लावतो, ज्यात क्रियापद कधीच एकटे लिहायचे नाही. त्याचे सोबती त्याच्याबरोबर लिहायचे. 'आस्क समवन', 'मीट समवन', 'टेल समवन समथिंग', 'से समथिंग टू समवन', 'एक्सप्लेन समथिंग टू समवन'. 'टेल' आणि 'से' समोरासमोरच्या पानांवर असावेत, कारण दोन्हींचे मराठी 'सांगणे' आणि 'म्हणणे' यांत मिसळते आणि 'ही सेड हर' असे वाक्य जन्माला येते. त्याच वहीत शेवटी एक पान केवळ 'ला'साठी राखून ठेवावे आणि मराठीत 'ला' येतो पण इंग्रजीत 'टू' येत नाही अशी क्रियापदे त्यावर लिहावीत: 'मीट', 'आस्क', 'आन्सर', 'कॉल', 'हेल्प', 'रीच'. 'पणजीला पोहोचलो' याचे 'रीच्ड पणजी' एवढेच होते, मात्र 'पणजीला गेलो' याचे 'वेन्ट टू पणजी' होते, हे पाहून मुले वैतागतात. वैतागणे रास्त आहे. पण 'टू पणजी' येथे स्थळ सांगतो, तेथे अप्रत्यक्ष कर्माचा संबंधच नाही.

स्थळ आणि माणूस यांची ही गल्लत आणखी एका ठिकाणी दिसते. 'मावशीला पार्सल पाठवले' आणि 'मडगावला पार्सल पाठवले' ही वाक्ये मराठीत जुळी आहेत. इंग्रजीत 'आय सेन्ट माय आंट अ पार्सल' चालते, पण 'आय सेन्ट मडगाव अ पार्सल' चालत नाही, कारण पहिल्या जागेवर बसणारा वस्तू स्वीकारून ती आपल्याकडे ठेवू शकणारा असावा लागतो. मडगावातल्या एखाद्या कचेरीला उद्देशून कोणी तसे म्हणाले तर गोष्ट वेगळी.

'मला आंबा आवडतो', 'मला ताप आला', 'मला दोन भाऊ आहेत' या वाक्यांतला 'ला' तर कर्माचा नसतोच. इंग्रजीत तो माणूस थेट कर्ता होतो: 'आय लाइक', 'आय हॅव'. लहान वर्गांत येथे पुष्कळ चुका होतात, पण सातवी-आठवीपर्यंत सवयीने सुटतात, म्हणून त्यावर फार वेळ घालवण्याची गरज मला वाटत नाही.

सर्वनाम प्रत्यक्ष कर्म असेल तेव्हा मात्र मांडणी निवडताना जपावे. 'शी गेव्ह हर नेफ्यू इट' हे कानाला खटकते. 'शी गेव्ह इट टू हर नेफ्यू' असे म्हणावे. याउलट वस्तूचे वर्णन लांब असेल, उदाहरणार्थ आजीने जत्रेतून आणलेले खाजे आणि चणे यांची पुडी, तर घेणारा आधी ठेवून ते लांब शेपूट वाक्याच्या शेवटी सोडणे बरे. इंग्रजी वाक्याला जड भाग शेवटी आवडतो.

सगळे सुधारले तरी एक चूक उरते आणि ती कर्मणी प्रयोगात उघडकीस येते. 'बक्षीस समारंभात तिला ढाल देण्यात आली' याचे मुले 'हर वॉज गिव्हन अ शील्ड' असे करतात. मराठीत कर्मणी झाले तरी 'तिला' हे 'तिला'च राहते आणि क्रियापद ढालीच्या लिंगवचनाप्रमाणे 'आली' असे चालते. इंग्रजीत मात्र अप्रत्यक्ष कर्म उठून कर्त्याच्या खुर्चीवर बसू शकते आणि एकदा बसले की त्याला कर्त्याचे रूप घ्यावे लागते: 'शी वॉज गिव्हन अ शील्ड'. क्रियापदही मग तिच्याशीच जुळते. अनेक मुलींना एक ढाल मिळाली तर 'दे वेअर गिव्हन अ शील्ड', ढाल एक आहे म्हणून 'वॉज' नव्हे. ढालीला कर्त्याच्या जागी बसवायचे असेल तर 'अ शील्ड वॉज गिव्हन टू हर'. ही खुर्ची 'एक्सप्लेन'च्या गटातल्या माणसाला मात्र मिळत नाही, कारण मूळ वाक्यात त्याला क्रियापदाशेजारी जागाच नव्हती. तेथे 'द सम वॉज एक्सप्लेन्ड टू अस' एवढा एकच मार्ग आहे. 'बाय'च्या गटातही 'अ सायकल वॉज बॉट फॉर हिम' असेच लिहिणे सुरक्षित.

म्हणून वही तपासायला बसलो की आता मी 'टू'वर लाल रेघ मारत नाही. समासात क्रियापद लिहितो आणि त्याच्यापुढे दोन रिकाम्या चौकटी काढून देतो. 'मेट'पुढच्या दुसऱ्या चौकटीत भरायला काहीच नाही हे मुलाच्या लक्षात आले की पहिल्या चौकटीतला 'टू' ते स्वतःच खोडते.